डब्यातलं बारसं

यंत्रालाही सोवळं असतं, हे मला बंगलोरला गेल्यावर कळलं. पुण्यात घरी कुणी सोवळ्यात असलं की मी मुद्दाम जाऊन शिवायचो आणि वर विज्ञान या विषयावर भाषणही ठोकायचो. त्याची सगळी भरपाई पुढे एका कॉम्प्युटरनं करून घेतली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत होतो आणि त्या कंपनीचं पोट एका अमेरिकन गिऱ्हाइकावर होतं. गिऱ्हाइकाचं काम गिऱ्हाइकाच्याच कुलपाआड करायचं असे. म्हणजे आपण इकडून टेलिफोनच्या तारेनं इंटरनेटवर जायचं आणि त्या उघड्या बाजारातून त्यांच्या दारापर्यंत एक बंद बोगदा काढायचा. त्या बोगद्याला व्हीपीएन म्हणत आणि तो खणणाऱ्या प्रोग्रॅमला व्हीपीएन क्लायंट. हा क्लायंट भलताच कर्मठ होता. एकदा तो सुरू झाला की कॉम्प्युटरनं गिऱ्हाइकाशिवाय कुणाशी बोलायचं नाही, दुसऱ्या कुणाची मेल आणायची नाही, शेजारच्या प्रिंटरला शिवायचं नाही. पुन्हा चार माणसांत यायचं असेल तर बोगदा मोडायचा, आणि परत आत जायचं असेल तर आंघोळीपासून सगळं पहिल्यापासून.

अमेरिकेत सकाळ होते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ असते. त्यांच्या सकाळच्या मीटिंगा मला ऐकता याव्यात म्हणून साहेबांनी ऑफिसातला एक कॉम्प्युटर माझ्या खोलीवर न्यायला परवानगी दिली. मी तो ऑटोत मांडीवर घेऊन निघालो. ऑटोवाल्यानं 'टीव्ही का सार?' असं विचारलं तेव्हा मी असा काही हसलो की जणू काही मांडीवर अग्निबाणच होता. उतरताना त्यानंच खोकं धरलं म्हणून ते वाचलं. माझे दोन्ही पाय बधिर झाले होते.

खोली जयनगरात, अक्कांच्या घराच्या माडीवर होती. अक्का म्हणजे माझ्या घरमालकीण. साठीच्या आसपासच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. त्यांचे पूर्वज कधीकाळी मराठी फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. घरात मराठी बोलायच्या, पण त्या मराठीत कानडी असं मिसळलेलं होतं की पहिला महिनाभर मी त्यांना मनातल्या मनात सुधारत असे. त्यांना 'स्वल्प' म्हणजे थोडं, 'सरी' म्हणजे बरं. पुढे सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईनं वाढलेला भात पाहून मीच 'स्वल्प' म्हणालो आणि सुधारणेचा विषय संपला.

अक्कांचा धाकटा भाऊ अमेरिकेत होता. अक्का त्याला तम्मा म्हणत. हा तम्मा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून मेल पाठवी, आणि ती मेल माझ्या कॉम्प्युटरवर येई. माझ्या खोलीत फोनची जी तार होती ती अक्कांच्याच फोनची असल्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. रोज संध्याकाळी त्या जिना चढून यायच्या, हातात कसली तरी वाटी असायची.

'तम्माचं आलंय का बघ की रे.'

'अक्का, आत्ता नाही. आत्ता तो सोवळ्यात आहे.'

पहिल्यांदा हे ऐकून त्या इतक्या हसल्या की वाटीतली कोसंबरी, म्हणजे तिकडची डाळीची कोशिंबीर, माझ्या कीबोर्डवर सांडली. मग रोज जिन्याखालूनच विचारायला लागल्या, 'सुटलं का रे सोवळं?' मी वरून ओरडायचो, 'अजून नाही!' जिन्याला लागून असलेल्या घरातल्या कानडी आजोबांचा माझ्याविषयी फार चांगला समज झाला होता. ते मला पाहून नमस्कार करत.

मग तम्माला मुलगी झाल्याची मेल आली. त्या संध्याकाळी मी मीटिंग अर्धी सोडून बोगदा मोडला, एवढं माझ्या नावावर जमा असू दे. अक्कांनी मेल मला मोठ्यानं वाचायला लावली. शेवटी लिहिलं होतं: बाराव्या दिवशी बारसं आहे. अक्का, नाव तू सांगायचंस. तू आत्या आहेस. मी फोन लावीन, बाळाच्या कानाला रिसीव्हर धरीन.

वाचून मी मान वर केली तर अक्का खिडकीकडे बघत होत्या.

'परत वाच,' त्या म्हणाल्या.

बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचा मान आत्याचा, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते असं की अक्कांना हा मान कधीच मिळाला नव्हता. लग्नानंतर चार वर्षांत त्यांचे यजमान गेले. थोरल्या भावाच्या दोन्ही मुलांच्या बारशांना सख्खी आत्या स्वयंपाकघरात होती आणि नाव सांगायला बनशंकरीहून एक चुलत बहीण आणली होती, कारण ती सवाष्ण होती. हे अक्कांनी मला अगदी साध्या आवाजात सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. म्हणाल्या, 'तम्मा तेव्हा शाळेत होता. सगळं बघत होता वाटतं.'

मला भयंकर राग आला. असा राग आला की काहीतरी करून दाखवलंच पाहिजे असं वाटलं, आणि माझ्या बाबतीत हे वाटणं नेहमीच धोक्याचं असतं.

'फोन कशाला?' मी म्हणालो. 'फोनवर खरखर असते, मध्येच तुटतो. आपण कॉम्प्युटरवरून बोलू. आवाज तिकडे स्पीकरवर येईल. सगळ्या घराला ऐकू जाईल की नाव कुणी सांगितलं ते!'

'कॉम्प्युटरमधून कुर्र होतं?'

'उत्तम होतं.'

मी त्याच वेळी तम्माला कळवून टाकलं की फोनची गरज नाही, मी आहे. हे 'मी आहे' मला आजही अधूनमधून आठवतं, विशेषतः दाढी करताना.

बारावा दिवस पाहिला तर बुधवार. पाळण्याची वेळ तिकडची सकाळ, आपली संध्याकाळ. आणि बरोबर त्याच वेळी गिऱ्हाइकाची मीटिंग. कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, 'त्या दिवशी मला मीटिंगला यायला जमणार नाही.' पण मी काही दिवसांपासून एका उद्योगात होतो. त्या सुमारास असं एक सॉफ्टवेअर निघालं होतं की ते चालवलं तर कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, खोटा कॉम्प्युटर तयार होई. त्याला वाटायचं की आपण खरेच आहोत. मी त्या आतल्या कॉम्प्युटरमध्ये व्हीपीएन क्लायंट बसवला होता. सोवळं आत, बाहेरचा कॉम्प्युटर मोकळा, कुणालाही शिवायला तयार. मी त्याला डबा म्हणायचो. साहेबांना तो इतका आवडला की त्यांनी गिऱ्हाइकाला कळवलं, आमच्या मुलानं एक युक्ती काढली आहे, बुधवारच्या मीटिंगमध्ये तो दाखवील. म्हणजे बुधवारी डब्यात मीटिंग, डब्याबाहेर बारसं, आणि दोन्हीकडे मी. हे जमलं की मग डब्याचं महत्त्व जगाला वेगळं सांगायची गरजच नव्हती.

अक्कांनी डबा म्हणजे काय ते विचारलं. मी जिन्यावर बसलो होतो, त्या तांदूळ निवडत होत्या. मी म्हणालो, 'तुम्ही मला पोळीच्या डब्यात लोणच्याची डबी ठेवून देता ना? तसं. मोठ्यात छोटा. लोणच्याचं तेल पोळीला लागत नाही.'

'लागतं की. तू कालच म्हणत होतास.'

'माझ्या डब्याचं लागणार नाही.'

त्या विचार करून म्हणाल्या, 'म्हणजे आतला बाहेर कुणाला शिवणार नाही.'

'नाही.'

'तो आत आहे, हे पण बाहेर कुणाला दिसणार नाही.'

'दिसायची गरजच काय? आत काम चालू असतं.'

'सरी,' अक्का म्हणाल्या. खडा उचलून टाकला. 'कार्य असलं की मला असंच ठेवत होते की रे. डब्बीत.'

यावर काय बोलावं हे दुसऱ्या एखाद्याला कळलं असतं. मी म्हणालो, 'पण अक्का, याला मेमरी दुप्पट लागते.'

त्यानंतर मी डब्याची चाचणी घेतली. डबा उघडून आतली मीटिंग ऐकली: उत्तम. डबा बंद करून बाहेरून तम्माशी बोललो: उत्तम. दोन्ही एकाच वेळी सुरू ठेवून पाहिलं का? नाही. दोन्ही वेगवेगळं चालतं म्हणजे एकत्र चालणारच, असा माझा सिद्धांत होता. पुढे माझ्या लग्नात दोन्हीकडची मंडळी एकत्र आली तेव्हा हा सिद्धांत पुन्हा एकदा खोटा ठरला, पण तो विषय वेगळा.

बुधवारी अक्का वर आल्या तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. गडद जांभळं मैसूर सिल्क नेसल्या होत्या, वेणीत मोगरा होता. मोगरा त्यांच्या डोक्यात मी कधी पाहिला नव्हता. हातात स्टीलचा डबा होता, त्यात घुगऱ्या. बारशाला घुगऱ्या हव्यातच. तो डबा त्यांनी मॉनिटरवर ठेवला, यंत्राला हळदकुंकू लावलं आणि खुर्चीवर ताठ बसल्या, फोटो काढताना बसतात तशा. कॅमेरा नव्हता. त्यांना ते माहीत होतं.

'कुणाला दिसणार आहे, अक्का?' मी म्हणालो. हेही मी बोललो.

'मला,' अक्का म्हणाल्या.

मी डबा आधी सुरू केला. आत गिऱ्हाइकाची मंडळी जमत होती. तिकडचे मॅनेजर म्हणजे एक सावकाश बोलणारे म्हातारे गृहस्थ, ते अजून यायचे होते, म्हणून सगळे गप्प होते. मग मी बाहेर आवाजाचा प्रोग्रॅम लावला. पडद्यावर एक लहानशी चौकट आली, तिच्यात दोन ओळी लिहिलेल्या होत्या. अशा चौकटी रोज येत. मी न वाचता 'ओके' दाबलं. ती सांगत होती की आवाजाचं कार्ड दुसऱ्या कुणीतरी आधीच घेतलेलं आहे आणि ते मिळणार नाही. कॉम्प्युटरचं तोंड आणि कान, दोन्ही डब्यात गेले होते. डबा आधी उघडला, म्हणून ते डब्याचे झाले. बाहेर तम्माशी फक्त टाइप करून बोलता येत होतं, आणि ते मात्र सुरळीत चालू होतं.

तम्मानं लिहिलं: पाळणा सजवलाय. सासूबाई घाई करतायत. अक्का तयार आहे का?

मी लिहिलं: तयार आहेत.

तम्मानं लिहिलं: बाळाचा कान स्पीकरला लावला. सांग म्हणावं.

मी अक्कांच्या डोक्यावर हेडफोन चढवला, मोगरा सांभाळून, आणि माइक त्यांच्या ओठांशी आणला. 'बोला.' अक्कांनी माझ्याकडे पाठ केली, माइकभोवती दोन्ही हातांची ओंजळ धरली, कारण नाव हे कानात सांगायचं असतं, भाडेकरूला ऐकवायचं नसतं. मला फक्त 'कुर्रर्र' ऐकू आलं. मग कुजबूज. मग परत 'कुर्रर्र'. त्यांच्या मानेवरची शीर थरथरत होती. मी स्वतःवर अतिशय खूश झालो.

अक्का थांबल्या. ऐकत राहिल्या. मग ओंजळ सोडून माझ्याकडे वळल्या.

'कुणीतरी इंग्रजी बोलतोय रे.'

'तम्मा असेल.'

'तम्मा कशाला मला एक्स्क्यूज मी म्हणेल?'

मी हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. सावकाश बोलणारे ते मॅनेजर अत्यंत सभ्यपणे विचारत होते की आत्ता कोण बोललं, आणि ते कृपया पुन्हा सांगता येईल का. मागे कुणीतरी हसलं. मग आमच्या साहेबांचा आवाज आला, ऑफिसातून: त्यांनी माझं नाव घेतलं, नुसतं नाव, पुढे काही नाही.

अक्कांचं 'कुर्र' बोगद्यातून अचूक पोहोचलं होतं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी नाव सांगितलं होतं, आणि ते पडलं होतं एका परक्या देशातल्या, नातवंडं असलेल्या मॅनेजरच्या कानात.

बाहेरच्या पडद्यावर तम्माच्या ओळी येत होत्या. काही ऐकू आलं नाही. अक्का बोलली का? मग: सासूबाई म्हणतात वेळ जातेय, मीच सांगते नाव. मग: मी नाही म्हणालो. अक्का सांगेल.

मी लिहिलं, दोन मिनिटं. डबा बंद करायला गेलो तर तो म्हणाला, आतला कॉम्प्युटर चालू आहे, आधी तो नीट बंद करा. आतला कॉम्प्युटर म्हणाला, मीटिंग चालू आहे, खरंच बंद करायचंय का? मी 'हो' म्हणालो. तो विचार करत बसला. तम्मानं लिहिलं: मी फोन लावतोय, एंगेज येतोय. येणारच. फोनची तार माझ्या मोडेममध्ये होती, आणि मोडेम बोगदा धरून बसला होता. मी लिहिलं, दोन मिनिटं. पडदा गोठला. मी कीबोर्डवरच्या सगळ्या कळा दाबल्या. घाम माझ्या नाकावरून कीबोर्डवर पडत होता आणि मी अक्कांना समजावत होतो की अडचण फक्त आवाजाच्या कार्डाची आहे, बाकी रचना बरोबर आहे.

अक्का उठल्या. त्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं आणि त्या दिवशीही त्या ओरडल्या नाहीत. टेबलाखाली वाकल्या, मैसूर सिल्क धुळीत लोळलं, आणि भिंतीतल्या खोबणीतून त्यांनी फोनची तार हिसकून काढली.

'सरी,' म्हणाल्या. 'पुरे तुझा डबा.'

बोगदा, मीटिंग, माझी युक्ती, सगळं त्या एका हिसक्यात गेलं. अक्का जिना उतरल्या, मी मागोमाग. शेवटच्या पायरीवर होतो तोच खालचा फोन खणखणायला लागला. तो जुना काळा फोन, ज्याच्यावर खरखर असते आणि जो मध्येच तुटतो म्हणून मी सांगितलं होतं.

अक्कांनी रिसीव्हर उचलला. 'तम्मा?' मग नुसत्या ऐकत राहिल्या. मग हात हलवून मला म्हणाल्या, 'तू बाहेर जा.'

मी बाहेर पायरीवर जाऊन उभा राहिलो. शेजारच्या आजोबांनी नमस्कार केला. मीही केला. आतून काही ऐकू येत नव्हतं. एकदाच, पुसटसं, 'कुर्रर्र' आल्यासारखं वाटलं, पण ती समोरच्या रस्त्यावरची ऑटोही असू शकेल. मला फार वाईट वाटत होतं. त्यात स्वतःविषयीचं किती आणि अक्कांविषयीचं किती, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. अक्कांचे डोळे लाल होते.

'सांगितलं,' त्या म्हणाल्या. 'रडली. जोरात. म्हणजे ऐकू आलं की नाही?'

'आलं, अक्का.'

'वर घुगऱ्या आहेत. घेऊन ये.'

आम्ही दोघांनी पायरीवर बसून घुगऱ्या खाल्ल्या. आजोबांनाही दिल्या. नाव काय ठेवलं ते विचारायचं माझं धाडस झालं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. आणखी एक मला विचारायचं होतं, पण तोंडातून निघेना: नाव एकदा सांगितलं की सांगितलं, मग पहिल्यांदा ते ज्या कानात पडलं त्याचं काय?

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की सोवळं हे आख्ख्या यंत्रानंच पाळलेलं बरं. डब्याचं प्रकरण तिथंच मिटलं. कॉम्प्युटर मी पुन्हा ऑटोत मांडीवर घेऊन ऑफिसात पोहोचवला, हळदकुंकवासकट. या खेपेला ऑटोवाल्यानं 'टीव्ही का सार?' विचारलं तेव्हा मी मुकाट्यानं 'हो' म्हणालो.

पुढच्या मीटिंगला मी ऑफिसातच बसलो, मागच्या खुर्चीवर. म्हाताऱ्या मॅनेजरनी कामाला हात घालण्याआधी माझी चौकशी केली. म्हणाले, त्या दिवशी ज्या बाई बोलल्या त्या बऱ्या आहेत ना? मी काय घडलं ते सांगितलं: बारसं, आत्या, कान. साहेब छताकडे बघत होते. मग मॅनेजर म्हणाले, मला वाटलंच ते नाव असावं. आणि त्यांनी ते उच्चारलं. त्यांच्या तोंडी ते जरा लांबट झालं, पण एक अक्षरही सुटलं नव्हतं, हे मला पुढे कळलं. मग विचारलं, बरोबर आहे का?

मी म्हणालो, मला माहीत नाही.

ते हसले. त्यांना वाटलं मी सभ्यपणे गुपित राखतोय. खरी गोष्ट अशी होती की मी त्या बाईंपासून एक हात अंतरावर उभा होतो, सगळी व्यवस्था माझी होती, आणि अक्कांच्या भाचीचं नाव मला सातासमुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाकडून कळत होतं.

संध्याकाळी घरी आलो. अक्का ओट्यावर बसून फुलं ओवत होत्या. आता वर कॉम्प्युटर नव्हता, तम्माची मेल मी ऑफिसातून कागदावर छापून आणली होती. ती देताना मी हळूच ते नाव उच्चारलं आणि विचारलं, 'हेच ना?'

अक्कांचा हात थांबला. 'तुला कुणी सांगितलं?'

'गिऱ्हाइकानं.'

सुईदोरा बाजूला ठेवून अक्का हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, 'त्याला बरोबर ऐकू आलं होतं?'

'अगदी स्पष्ट.'

'आणि तम्माच्या लेकीला पण आलं.'

'आलं ना. रडली की ती.'

अक्कांनी ओवलेली माळ उचलून बघितली, एक फूल सरळ केलं.

'थोरल्याच्या दोन्ही वेळेला मी आत पुऱ्या तळत होते, रे,' त्या म्हणाल्या. 'एकदा पण सांगू दिलं नाही कुणी. या वेळी दोनदा सांगितलं मी.'